कोण म्हणेल असं?

कुठलंही वाक्य वाचून दाखवलं की इन्याकीआजोबा आधी विचारायचे, "कोण म्हणतंय हे? आणि कुणाला?" मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचे.

ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत मी इंग्रजी आणि स्पेनमधली बास्क भाषा यांच्या वाक्यरचनेवर पीएचडी करत होते. शब्द इकडेतिकडे केले तर बास्क वाक्य चालतं की नाही, हे जन्मापासून ती बोलणाराच सांगणार. कोविडमुळे स्पेनला जाणं रद्द झालं, आणि तो बोलणारा निघाला माझ्याच शेजारी, इन्याकीआजोबा! तरुणपणी ऊसतोडीसाठी स्पेनहून इकडे क्वीन्सलंडला आलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही.

दुपारी कुंपणापलीकडे ते खुर्ची टाकायचे, अलीकडे मी.

"आजोबा, 'चालतं' की 'चालत नाही', एवढंच सांगा ना!"

"असं कसं, मेट?" ते ऑस्ट्रेलियन थाटात म्हणायचे. "आमचा पाद्री म्हणेल असं. माझी आई मेली तरी म्हणणार नाही. थांब, उद्या सांगतो."

एका वाक्याला अख्खा दिवस! एकदा वैतागून विचारलं, उद्याच का? तर लाजले. रोज संध्याकाळी ते गावाकडच्या बहिणीला, मिरेनला, फोन करून माझी वाक्यं ऐकवायचे.

"ती म्हणते, उसात राहून तुझी भाषा बिघडली. कडाकडा भांडतो आम्ही. पूर्वी फक्त नाताळला फोन व्हायचा, तेव्हा काय बोलावं सुचायचं नाही."

मला हेवाच वाटला. नाशिकला आईशी माझं बोलणं "जेवलीस का?"च्या पुढे सरकत नव्हतं.

मग मिरेन कोविडने गेली. सीमा बंद, त्यांना जाणं शक्यच नव्हतं. बरेच दिवस त्यांची खुर्ची बाहेर आली नाही. एका दुपारी आली. "वाचून दाखव," म्हणाले.

मी वाचलं. कोण म्हणतंय, हे त्यांनी विचारलंच नाही. नुसतं "चालतं."

मग तेच वाक्य पार उलटंपालटं करून वाचलं. "चालतं."

"आजोबा, दोन्ही कशी चालतील?"

"आता मी काहीही बोललो तरी चूक म्हणणारं कोणी राहिलं नाही, मेट."

कोविडमुळे जवळ जायची सोय नव्हती. मला बास्क धड बोलताही येत नव्हती, तरी मी ओरडलेच, "चूक आहे! दुसरं साफ चूक आहे!"

त्यांनी मान वर केली. "तुला काय कळतं गं त्यातलं?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतं!"

ते ताडकन उठले, कुंपणापर्यंत आले, आणि किती दिवसांनी भांडायला लागले.