नेटच्या वायरीचे आठ दात

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि मध्येच 'का? काहून?' विचारू नका. या प्रकरणात घरच्यांनी मला इतक्यांदा 'काहून' विचारलं आहे की आता तो शब्द ऐकला तरी डोकं फिरतं!

तर, खांडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. माझी शिलाई मशीन, विळी, आमचे हे खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले त्यांचे जुने पक्कड-पेचकस, सगळं पाटावर मांडलं. तेवढ्यात मनात आलं, सून पल्लवीचं अवजार कोणतं? नेट! बाळंतपणात तिची नोकरी सुटली, ती सुटलीच. तीन वर्षांनी आता कुठे मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, घरूनच, कॉम्प्युटरवर. मग नेटला कुंकू नको?

नेटचा डबा भिंतीला ठोकलेला. म्हटलं, निदान त्यात येणारी वायर तरी काढावी. वायरीच्या टोकाला ते पारदर्शक प्लास्टिकचं बोंड असतं ना, ते धरून ओढलं. निघेना. अजून ओढलं. कट्ट! निघालं. आणि त्याच्यावरची नखाएवढी चपटी जीभ तुटून माझ्या हातात!

आता मला सांगा, ती जीभ आधी दाबायची असते, असं कुठे लिहिलं आहे का त्यावर? माझ्या कुकरची शिट्टी लग्नातली आहे, अजून खणखणीत वाजते. आणि अख्ख्या घराचं नेट ज्या वायरीतून येतं, तिचा सगळा भार या एवढ्याशा जिभेवर! कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?

कोणी पाहिलं नव्हतं. बोंडात आठ सोनेरी दात ओळीनं चमकत होते. इतकं प्रसन्न वाटलं की ओलं हळदकुंकू त्यांनाच लावलं, नमस्कार केला आणि बोंड परत खोचलं. बसलं की! तुटलेली जीभ तुळशीच्या कुंडीत पुरून टाकली.

संध्याकाळी पल्लवी ओरडली, "आई, नेट काहून जाऊन राहिलं?"

बघते तर बोंड सैल होऊन बाहेर आलेलं. हळूच उदबत्तीची काडी मोडून फटीत पाचर मारली. नेट आलं. दार आपटलं, गेलं. मग वरून रबर गुंडाळला. आलं. पुन्हा गेलं!

दसऱ्याला ह्यांनी कंपनीत फोन लावला. "अख्ख्या जिल्ह्याले बिजली देली आम्ही, आन् तुमच्याच्यानं एक वायर सांभाळणं होत नाही?"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. मी काय म्हटलं? "हो न! आजकाल मालच फालतू येते!"

मोबाईलची रेंज आमच्याकडे फक्त गच्चीवर, तीही टाकीला चिकटून उभं राहिलं तर. पल्लवीचा चेहरा एवढासा झाला. "आई, हा इंटरव्ह्यू गेला तर मले पुन्हा कोण बोलावणार आहे?" मी तिच्या पानात अजून एक पुरणपोळी वाढली.

मुलाखतीच्या दिवशी साडेदहाला नेटवाला आला. चाळिशीचा, गंभीर माणूस. मी दारातच सुरू झाले, "काहो भाऊ, कसं सामान बसवता? दोन वर्षं नाही टिकलं!"

त्यानं रबर काढला. मग उदबत्तीची काडी काढली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं बोंड उजेडात धरलं. लाल-पिवळं!

"काकू, यात कुंकू कोनं भरलं?"

"थांबा," हे म्हणाले, "अजून पाहा, नारळ निघते का!"

"आई! तुम्ही?" पल्लवीला रडावं की ओरडावं ते कळेना.

"अवं, तुझ्याचसाठी केलं न! आन् ते जीभ इतकी नाजूक काहून बनवली म्हणते मी!"

"कितीक वर्षांपासून ते तसंच आहे, काकू," नेटवाला शांतपणे म्हणाला. "डब्बे बदलले, कंपन्या बदलल्या, हे नाही बदललं. तुटलं का कापायचं आन् नवीन लावायचं. पाच मिनिटांचं काम. कुंकवाले मात्र वेळ लागते."

त्यानं डब्याच्या तोंडातलं कुंकू ब्रशनं झाडलं, वायरीचं टोक कापलं, आतल्या आठ रंगीत तारा ओळीनं लावल्या आणि नवं बोंड चढवून पकडीनं दाबलं. कट्ट! अकराला सात मिनिटं कमी असताना हिरवा दिवा लागला. पल्लवीनं पळत जाऊन दार लावून घेतलं. (नोकरी लागली, हो. आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तेच विचारत बसाल.)

नेटवाल्याला चहा दिला. आतून पल्लवीचा आवाज एकदाही न तुटता येत होता, त्यामुळे मला जरा धीर आला. म्हटलं, "तुम्हाले हसू येत असन भाऊ, पण पोटापाण्याच्या अवजाराची पूजा कराच लागते न!"

तो हसला नाही. पिशवीत ठेवायला पक्कड उचलली, तर तिच्यावर परवाचा कुंकवाचा टिळा, अक्षताही चिकटलेल्या!

"आमच्या घरीबी होते पूजा, काकू," तो म्हणाला. "पण मुठीले. दाताले नाही!"