विमानापुढच्या पाच सुवासिनी

इंग्रजी तिसरीतून शाळा सोडली, तेव्हापासून शिकलेल्या माणसापुढं माझी बोबडी वळते. हे लिहितानाही हात कचरतो. पण राग आहे तो आहे.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. मी चिपळूणकडचा, पोटासाठी देवासला येऊन पडलेला. दरबारच्या मोटारखान्यातल्या माळवी मिस्त्रींनी ना चिठ्ठी विचारली ना ओळख, ठेवून घेतलं. एका कारकुनाच्या घरी जेवणाची सोय लागली. तिथल्या काकू माझ्यासाठी कुठून तरी तांदूळ पैदा करायच्या. "पोळीनं तुझं पोट भरत नाही, दिसतंय मला," म्हणायच्या. या दोघांचे उपकार माझ्याच्यानं फिटणारे नव्हते.

त्या उन्हाळ्यात एका गोऱ्या वैमानिकाचं दोन माणसांचं विमान धारला उतरलं. पुढं ते देवासला यायचं होतं. म्हणून मिस्त्रींना आणि मला मोटारीनं धारला पाठवलं, की जमिनीवर ते सांभाळायचं कसं ते शिकून या. शिकलो ते एवढंच, की जमिनीवर हे जनावर आंधळं असतं. शेपूट खाली टेकलेलं, नाक वर. आत बसलेल्याला समोरचं काही दिसत नाही. म्हणून डावं-उजवं वळवत सापासारखं चालवायचं, आणि दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक माणूस. ब्रेक नाही. शेपटीखालचा दांडा मातीत घासेल तेवढीच अडकण. नाकावरचं लाकडी पातं तर फिरायला लागलं की दिसेनासंच होतं. वैमानिकानं मोडक्या हिंदीत बजावलं, "सामने कोई नहीं. राजा भी नहीं."

परत आल्यावर हे सगळं मी स्वागताचा समारंभ ज्यांच्याकडे होता त्या अंमलदारांना सांगितलं. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणायचो.

"विमान शामियान्याकडे येत असतानाच पाच सुवासिनी सामोऱ्या जाऊन ओवाळतील," ते म्हणाले.

"साहेब, यंत्र बंद झाल्यावर ओवाळलं तर..."

"हत्तीला ओवाळतो, घोड्याला ओवाळतो. पहिली मोटार आली तेव्हा तिलाही ओवाळलं. काय झालं?"

"मोटारवाल्याला समोरचं दिसतं, साहेब."

"कितवी शिकलास रे?"

"इंग्रजी तिसरी."

"मग चौथीचं आम्हाला शिकवू नकोस."

कचेरी हसली. मीही हसलो, याची लाज अजून जात नाही.

पाच जणींत पहिलं नाव काकूंचं. जेवताना मी म्हटलं, "काकू, तुम्ही जाऊ नका." त्या म्हणाल्या, "दरबारचं बोलावणं आहे. ह्यांच्या नोकरीचं काय?" मी म्हटलं, "निदान मी हात वर केला की मागं फिरा." त्यावर त्या हसल्या. "डोक्यावर पदर, हातात ताट, डोळे निरांजनावर. तुझा हात कधी बघू?"

मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. विमान धावायचं ती पट्टी आम्ही मुरूम घालून बुजवली होती. विमान उतरलं ते झकास. डाव्या टोकाला मी, उजव्याला मिस्त्री. हळूहळू निघालो. आणि रावसाहेबांनी रुमाल हलवला.

पाचही जणी निघाल्या. पात्याचा सगळा वारा मागं आमच्या तोंडावर, धुळीनं डोळे भरलेले. पुढं मात्र निवांत. त्यांना भ्यायला काही कारणच नव्हतं. मी ओरडलो, तर माझा आवाज मलाच ऐकू येईना. वैमानिक बाजूनं मान काढून माझ्याकडं बघत होता, पुढं नाही. वीस पावलं राहिली. निरांजनाच्या ज्योती यंत्राकडं कलताना मला दिसल्या.

मी पंखाचं टोक धरून लोंबकळलो, टाचा रोवल्या. विमान माझ्याकडं गर्रकन वळलं, मुरूम सोडून उघड्या मातीत गेलं. डावं चाक भेगेत रुतलं, नाक खाली आलं आणि पात्याच्या ठिकऱ्या झाल्या. एक ठिकरी शामियान्याच्या खांबात घुसली. बायका जागच्या जागी उभ्या. काकूंचं ताट हातात तसंच होतं.

वैमानिक उतरला, त्यानं बायकांकडं बघितलं, आणि पांढराफटक पडून खालीच बसला. तोवर रावसाहेब माझ्या अंगावर धावून आले होते. "पाहुण्याचं विमान मोडलंस!"

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं कागद आला. नोकराने अजाणतेपणी पंख ओढल्याने विमान कलंडले, चूक कबूल आहे, माफी असावी. मिस्त्री, भावाला म्हणावं तसं, हळूच म्हणाले, "भिया, दस्तखत कर दे. रोटी तो बचेगी." केली.

घरी काकूंनी विचारलं, काय लिहून दिलंस? मजकूर पाठच झाला होता, तो म्हणून दाखवला.

"आणि आम्ही?"

"तुमचं काही नाही त्यात."

"म्हणजे आम्ही मैदानात नव्हतोच?"

त्यांनी पुढ्यात भात वाढला आणि पाठ फिरवली. त्या माझ्यावर रागावल्यात की रावसाहेबांवर, तेही कळेना.

पावसाळा सरल्यावर विमान पुन्हा यायचं ठरलं. शिपाई बोलावणं घेऊन आला. काका घरात होते. तरी काकू स्वतः दारात आल्या. "रावसाहेबांना सांग, आधी ते पातं थांबेल, मग आम्ही ताट उचलू. पाचही जणींचं हेच म्हणणं आहे." मग शिपायानं गल्लीतल्या दुसऱ्या बायकांना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या. ओवाळणीशिवाय स्वागत म्हणजे अपशकुन. संध्याकाळपर्यंत नवा कार्यक्रम निघाला: यंत्र पूर्ण थांबल्यावर ओवाळावे. रावसाहेबांच्या दूरदृष्टीचं लोकांनी कौतुक केलं.

जे मी हात जोडून सांगितलं होतं, तेच ते. आनंद व्हायला हवा होता. काकू धडधाकट होत्या, झालाही. पण माझा कागद कुणी फाडला नाही. दरबारच्या दप्तरात अजूनही चुकलोय तो मीच, आणि त्या दिवशी मैदानात एकही बाई नव्हती.