डुक्करवाड्यापाशी लागलेली पाटी

ओक्लाहोमातल्या ताल्हेक्वा गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला जुन्या चेरोकी शाळेची पाटी लागली आणि जेनेला टीही या म्हातारीचं डोकंच फिरलं. तिची आजी ज्या शाळेत चेरोकी अक्षरं शिकली, ती होती झऱ्यापाशी. पाटी लागली अर्धा मैल अलीकडे, टीहींच्या जुन्या डुक्करवाड्यापाशी!

"वॅट्या, तिथं काय डुकरं शिकायची?" तिनं धाकट्या भावाला धरलं.

"अगं ताई, पाटी लावायला शहरातून आलेला साहेब म्हणाला, इथंच ना? पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणू? हलवली मान."

आता आम्हा चेरोकी लोकांत पाहुण्याला खोटं पाडणं म्हणजे त्याच्या ताटात माती कालवणं. पण जेनेला ऐंशीची. ती गेली की खरी जागा सांगणार कोण? वॅट तर मान हलवणाराच! तिनं साहेबाला घरी बोलावलं, रानकांदे घातलेली अंडी पोटभर वाढली, आणि जन्मात पहिल्यांदा पाहुण्याला म्हणाली, "नाही, बाळा. जागा चुकलीय."

साहेब हसला. "हलवू या की! पण तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तुला जेवू घातलं नव्हतं."

शनिवारी सगळी वस्ती फावडी घेऊन आली. एकाचं काम सगळ्यांनी उरकायचं, ही आमची जुनी रीत. झऱ्यापाशी पहिलाच घाव खणकन वाजला. मातीखाली शाळेच्या पायाचा दगड होता.

"मी म्हणालोच होतो!" वॅट म्हणाला.

जेनेलानं फावडं त्याच्याच हातात दिलं.