नथीला अडकलेली कवळी

"अवं माय, नथीसंगं दातई आले!" काटोलच्या पाहुण्यांतली एक आत्या दुसरीच्या कानात म्हणाली. कानात म्हणाली, तरी साऱ्या बैठकीला ऐकू गेले. तो माझ्या साक्षगंधाचा दिवस होता. मधोमध मोतीकाका उभे होते. त्यांच्या हातात माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आणलेली नथ होती आणि नथीच्या आकड्याला काकांची वरची कवळी लोंबकळत होती.

मोतीकाका आमचे इतवारीतले शेजारी. त्यांच्या शब्दाशिवाय सराफ्यात मोत्यांचा व्यवहार होत नसे. सकाळीच, उत्तरेच्या खिडकीत, पांढऱ्या कापडावर ते मोती ठेवत. आधी पाणी पाहत, मग गोलाई, मग छिद्राच्या कडा. शेवटी मोती पुढच्या दातावर हलकेच घासत. खरा असेल तर बारीक वाळूसारखा खरखरतो, काचेचा असेल तर सरकून जातो. "पाणी डोळ्याले फसवते, पोरी. दाताले कोन फसवन?" हे ते आल्यागेल्याला ऐकवत.

त्या दातावर त्यांचा इतका विश्वास, की खडीसाखर, सदऱ्याची बटणे, माझे शाळेतले पदक, सगळे त्यांनी घासून पाहिले होते. एकदा सिव्हिल लाइन्समधून एक मडम आली. तिच्या माळेचा फासा काही केल्या निघेना. काका दोन्ही हात पाठीमागे धरून तिच्या गळ्याशी वाकले आणि त्यांनी एक मोती दाताला लावला. तिचा चपराशी किंचाळला. काका सावकाश सरळ झाले. "बोंबलून काहून राहिला गा? खरा हाय." मडम खूश झाली. चपराशी मात्र पुढे कितीतरी दिवस काकांना रस्त्याच्या पलीकडूनच सलाम करी.

मग तो दात पडला. पाठोपाठ बाकीचेही गेले. सीताबर्डीच्या डॉक्टरने कवळी बसवली, आणि कवळीला सगळेच मोती सारखे लागू लागले. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या मागच्या खोलीत बोलावले, तोंड उघडायला लावले आणि भिंगातून माझे दात पाहिले. (ते भिंग आज माझ्याकडे आहे. काका नाहीत.)

"तुह्यापाशी चीज हाय," ते म्हणाले. "अन् तू कोनाले सांगनार नाही. तू तं बोलतच नाही."

ते खरे होते. इंग्रजी शाळेत मला उत्तरे येत, पण हात वर होत नसे. पुढे वर्षभर काका चहा सांगायच्या निमित्ताने गिऱ्हाइकाचा मोती घेऊन आत येत आणि मी तो घासत असे. मान उभी हलली की खरा, आडवी हलली की खोटा. बाहेर जाऊन काका तोच निकाल आपल्या भारदस्त आवाजात देत.

साक्षगंधाला मागची खोली नव्हती. "बसऱ्याचे मोती हायेत, पाहून घ्या," म्हणत सासूबाईंनी नथ सर्वांदेखत काकांच्या हाती दिली. काकांनी रिवाजाप्रमाणे ती दाताला लावली, गंभीर चेहऱ्याने घासली आणि ओढली. आकडा कवळीत अडकला होता.

"आता पारख कशानं करता गा, बुवा?" नवऱ्या मुलाच्या मामांनी विचारले आणि बैठक हसली. काकांनी तोंडावर उपरणे धरले. ते काहीतरी बोलले, ते कुणालाच कळले नाही. उद्या ही गोष्ट सराफ्यात पोचणार आणि त्यांच्याकडे पुन्हा कोणी मोती आणणार नाही, हे मला दिसत होते. त्यांनाही दिसत असणार. तरी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम पाहिले नाही.

सकाळपासून पाहुण्यांच्या सगळ्या प्रश्नांना मी मानेनेच उत्तरे दिली होती. मी उठले. नथ कवळीतून सोडवली, पदराला पुसली आणि मधला मोती पुढच्या दातावर घासला. आईने डोळे वटारले. मी पुन्हा घासला, मग बाजूचेही. हसणे थांबले.

माझी मान आडवी हलली. पण त्या मानेचा अर्थ बैठकीत एकट्या काकांनाच ठाऊक होता.

"दात माझे, पारख काकांची," मी म्हणाले. "मोती काचेचे आहेत."