भाताने चिकटवलेली पानं
भाताची वाफ तोंडावर आली की ती दोन पानं आठवतात. दहावीत बाईंनी प्रजननाच्या धड्याची पानं आम्हा मुलींना घरून भाताने चिकटवून आणायला लावली होती. त्याच महिन्यात नदीकाठच्या कारध्याला नावेतून उतरताना एका मुलाने माझा हात धरला आणि पुढे माझी पाळी चुकली. हात धरल्यानेच दिवस गेले की काय, हेच डोक्यात. शेवटी शिजत्या भाताच्या वाफेवर मी ती पानं सोडवायला बसले, तेवढ्यात आई आली. "काय करून राहिली वं?" मी रडत सगळं सांगितलं. ती माझ्याशेजारी बसली. "हातच धरला ना? वाच मंग, काय लिवलं आहे त्यात." मी वाचलं. स्त्रीबीज, शुक्राणू, दोघांचं मिलन. हात धरण्याचं कुठेच नव्हतं. "अजून एक डाव वाच," आई हळूच म्हणाली. ते माझ्यासाठी नव्हतं, हे आता कळतं. सहा लेकरांची माझी आई हे सारं पहिल्यांदाच ऐकत होती.