चिमणाबाईंचा मीटर

गडमुडशिंगीच्या चिमणाबाई दिवाळी झाली की घराला कुलूप लावतात ते थेट मिरगाच्या तोंडावर उघडतात. मधले सगळे महिने त्या जत्रांत असतात. पुढच्या ट्रकवर सुटा केलेला आकाशपाळणा आणि मागून येणारा दुसरा, जुना ट्रक म्हणजे त्यांचं घर. आत एका कडेला शेगडी आणि डबे, दुसऱ्या कडेला लोखंडी खाट, डोक्यावर पत्रा. पत्र्यावर पाइपाला आवळलेली टीव्हीची डिश. खाटेवर त्यांचे मालक, हंबीरराव.

तीन वर्षांपूर्वी पाळणा उभा करताना हंबीरराव वरून पडले. बोल्ट आवळत होते, पान्हा सटकला आणि तोल गेला. चिमणाबाई खाली दोर धरून उभ्या होत्या. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कमरेखालचं अंग परत हललं नाही. त्या वर्षी पाळणा विकायचं बोलणं निघालं. हंबीररावांचा चुलतभाऊ गुंडू म्हणाला, "वहिनी, इंजिन मी सांभाळतो, तिकिटाला तुमी बसा." मग हंबीररावांना गावात नातेवाइकांकडं ठेवायचं ठरलं, तेव्हा ते एवढंच बोलले, "मला बी गाडीत घाला. हितं भिताडाकडं बघत काय करू?"

त्यांना गाडीत घातलं. पण गाडीत आल्यावर त्यांनी मागची ताडपत्री खाली सोडायला लावली. जत्रेतली निम्मी माणसं त्यांना ओळखायची. पाळण्यावर माकडासारखा चढणारा हंबीरराव असा पडलेला कुणी बघू नये, असं त्यांना वाटायचं. ताडपत्रीच्या आत पाळण्याचं इंजिन ऐकू यायचं, पोरांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या, दिसायचं मात्र काहीच नाही. म्हणून चिमणाबाईंनी टीव्ही आणला. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, कुस्त्या, काहीही लागलं तरी हंबीरराव बघायचे. हवामानाचं तर न चुकता. वाऱ्याचा अंदाज आला की हाक मारून सांगायचे, "चिमणे, दुपारनंतर वारं हाय. पाळणा थांबीव." राधानगरीकडच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नसायची, तिथं हे कामाला यायचं.

अडचण एकच होती. गाव बदललं की डिश नव्यानं लावावी लागायची. ट्रक कधी उताराला, कधी शेताच्या बांधाला टेकून उभा. चिमणाबाई शिडीनं पत्र्यावर चढायच्या, डिशची तबकडी आग्नेयेकडं करून केसाएवढी इकडंतिकडं सरकवायच्या, आणि आतून हंबीरराव पडद्याकडं बघून ओरडायचे.

"न्हाय... न्हाय... जरा मागं... आलं! गेलं की!"

"कुठं गेलं? हात बी हलला न्हाय माझा!"

कधी पाच मिनिटांत व्हायचं, कधी अर्धी दुपार जायची. जत्रेतले खेळणीवाले त्यांचं हे भांडण ऐकून हसायचे. त्या दोघांना त्याचं काही वाटत नसे. पडल्यापासून हंबीररावांच्या वाट्याला आलेलं ते एकमेव काम होतं.

गेल्या वैशाखात राधानगरीकडच्या एका गावात असंच लावणं चाललं होतं. अचानक वळीव आला. पत्रा क्षणात ओला झाला. चिमणाबाईंचा पाय सरकला, गुडघा पत्र्यावर आदळला, पाइपाला धरून त्या कशाबशा सावरल्या. लगेच आतून आवाज आला, "आलं! आलं! झ्याक आलं. उतर खाली."

त्या उतरल्या आणि तशाच तिकिटाच्या खोपीकडं पळाल्या. पाऊस गेला, गर्दी आली, मग दिवस मावळेपर्यंत त्यांना गाडीकडं यायला सवड मिळाली नाही. चहा घेऊन आल्या तर टीव्ही चालू होता आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी. हंबीरराव त्या पाटीकडं बघत पडले होते.

"कवा गेलं हे?"

त्यांनी रिमोटनं टीव्ही बंद केला.

"अवो, विचारत्या मी. कवा गेलं?"

"आलंच नव्हतं."

चिमणाबाईंनी चहा खाली ठेवला. "मग आलं म्हणून का वरडलासा?"

"तुझा पाय सरकला. पत्रा वाजला." हंबीरराव म्हणाले. "मला दुसरं काय सुचलं न्हाय. टीव्ही नसला म्हणून मी मरत न्हाय चिमणे. पन तू वरनं पडलीस तर मी हितनं उठून याचा न्हाय. पडल्या पडल्या नुसतं ऐकायचं."

चिमणाबाईंना राग आला होता, तो तिथंच विरला. त्या खाटेच्या कडेला बसल्या. खाली ठेवलेला चहा त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "मला खोटं नगा सांगू. काय बी झालं तरी."

हंबीररावांनी मान हलवली, पण परत तशी वेळ आली तर ते पुन्हा तेच करतील हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या गावात टीव्ही लागलाच नाही. चिमणाबाई चढायला निघाल्या की ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे."

जत्रा उठल्यावर चिमणाबाई कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दुकानात गेल्या. दुकानदार वृषभ डिशचं सगळं सामान ठेवायचा. त्यांनी गाडीचं घर, रोजचं बदलतं गाव, सगळं सांगितलं, आणि म्हणाल्या, "सिग्नल आलाय का न्हाय ते मला वरच कळाय पायजे. आतल्या माणसाला इचाराय नको."

वृषभनं काट्याचा छोटा मीटर दिला. तो डिशच्या वायरीत मधे जोडायचा. सिग्नल वाढला की काटा चढतो आणि शिट्टी वाजते. "सोपा हाय मावशी. वाचायचं काय न्हाय त्यात."

पुढच्या जत्रेत तो जोडला. शेजारी भोंगा लागलेला, त्यात शिट्टी बुडून गेली. काट्यावर डोळा ठेवून त्यांनी डिश फिरवली, काटा टोकाला गेला, त्या खुशीत खाली आल्या. टीव्हीवर तीच पाटी. परत वर, परत काटा टोकाला, परत पाटी. हंबीरराव या खेपेला खरं सांगत होते. "न्हाय गं, काय बी न्हाय."

त्या पुन्हा दुकानात गेल्या. वृषभनं मीटर तपासला. "मीटर चांगला हाय. पन वर आभाळात उपग्रह लई हाईत. ह्याला कुठला बी घावला की वाजतो. तुमचाच हाय का, ते ह्याला कळत न्हाय. काटा निस्ता जोर दावतोय. चित्र यायला जोर न्हाय, क्वालिटी लागती." मग त्यानं कपाटातून पडद्याचा मीटर काढला. "ह्यात आपल्या उपग्रहाचं नाव घालायचं. तोच घावला तरच क्वालिटीचा आकडा चढतो."

चिमणाबाईंनी मीटर हातात घेतला आणि त्या सरळ दुकानाबाहेर गेल्या. टळटळीत दुपार होती. रस्त्यावर उभं राहून त्यांनी पडदा उन्हात धरला. काही दिसेना. पदर डोक्यावरून पुढं ओढून सावली केली, तेव्हा आकडे दिसले.

"उन्हाचं भागंल," आत येऊन त्या म्हणाल्या. "पडला तर?"

"रबराचं कव्हर देतो. आन् ही दोरी मनगटात घाला."

"ही अक्षरं मराठीत हुत्यात का?"

"न्हाय मावशी. सगळं इंग्रजी. नाव, फ्रिक्वेन्सी, बटनांवरचं बी." वृषभनं पडद्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "आकडे तुमाला वाचता येत्यात न्हवं? बाकीचं मी आत्ता भरून देतो. पन कधी बदललं तर परत माझ्याकडं यावं लागंल."

चिमणाबाईंनी मीटर उलटासुलटा करून बघितला. "नगा भरू," त्या म्हणाल्या. "वाचणारा घरात हाय."

हंबीररावांनी मीटर बघून तोंड फिरवलं. "बरं झालं. आता वरडायचं बी काम ऱ्हायलं न्हाय मला."

"वरडायचं ऱ्हाऊ दे. हे काय लिवलंय सांगा. मला काय कळतंय ह्यातलं?" चिमणाबाईंनी तो त्यांच्या छातीवर ठेवला आणि त्या भाकरी थापायला बसल्या.

दोन भाकऱ्या होईपर्यंत तो तसाच पडून होता. मग बटणाचा आवाज आला. मग हंबीररावांनी चष्मा मागितला. ते दहावीपर्यंत शिकलेले, पण इंग्रजी वाचून जमाना झाला होता. संध्याकाळभर ते एकेक शब्द लावत राहिले. एकदा सगळं पुसलं गेलं, तेव्हा त्यांनी मीटरला अशी शिवी हासडली की चिमणाबाईंना हसू आलं. किती दिवसांनी त्यांनी ती शिवी ऐकली होती.

पुढची जत्रा कागलकडच्या एका गावात होती. आभाळ मोकळं आणि पत्रा कोरडा बघूनच हंबीररावांनी चिमणाबाईंना वर जाऊ दिलं. ओल्यावर पाय ठेवायचा नाही, टीव्ही लागला नाही तरी चालेल, हे त्यांनी कबूल करून घेतलं होतं. त्यांनी मीटर भरून, चालू करून हातात दिला. चिमणाबाईंनी वर पदराची सावली केली आणि ओरडल्या, "आकडा हाय! एक आन् दोन!"

"बारा. उगवतीला सरकीव जरा."

"काय?"

नुसतं 'आलं-गेलं' ताडपत्रीच्या आडूनही कळायचं, पण हे आकडे आणि दिशा बाहेरच्या गोंगाटात नीट कळत नव्हत्या. हंबीररावांनी दोनदा सांगितलं. मग गुंडूला हाक मारली. "गुंड्या, ही ताडपत्री वर बांध. तिचं मला ऐकाय येईना."

गुंडूनं वहिनीकडं बघितलं. चिमणाबाई पत्र्यावर स्तब्ध उभ्या होत्या. त्यानं ताडपत्री गुंडाळून वर बांधली.

"आता बोल," हंबीरराव म्हणाले.

"चार आन् शून्य."

"चाळीस. अजून उगवतीला. हळू."

"सहा आन् पाच!"

"तिथंच धर. नट आवळ. आदी खालचा."

चिमणाबाईंनी नट आवळले, मीटर काढून वायर जोडली आणि एकेक पायरी बघत उतरल्या. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. हंबीरराव तिकडं बघत नव्हते. समोर रिकामा पाळणा चाचणीसाठी हळूहळू फिरत होता. डबे वर जात होते, खाली येत होते. तीन वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदाच बघितला. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

रस्त्यानं जाणारा एक जुना खेळणीवाला गाडीपाशी थबकला. "हंबीरराव न्हवं?"

"व्हय," हंबीरराव म्हणाले. "ये की आत. बस."

चिमणाबाईंनी शेगडीवर चहाचं आधण ठेवलं.