हात ताटातच धुवा

माझं लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं, सोनईत मास्तर मिळाला. हा मास्तर मोरीतला गाळ घरात आणून ठेवतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

आमचे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सांडपाण्यातल्या जिवाणूंपासून वीज होते, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि झालं! मागच्या पडवीत एक मडकं आलं. त्यात खाली मोरीचा काळा गाळ, वर मोरीचंच पाणी. टॉर्चच्या संपलेल्या सेलमधून काढलेल्या दोन काळ्या कांड्यांपैकी एक गाळात पुरली, दुसरी पाण्यात सोडली आणि दोन्हींच्या तारा शाळेतून आणलेल्या गॅल्व्हानोमीटरला जोडल्या. काही दिवसांनी त्याचा काटा जरासा सरकला. एवढ्यावर हा माणूस घरभर नाचला. वासाचं तर विचारूच नका. मी चिडायचे, पण तो नाच आठवला की राग टिकायचा नाही.

सासूबाई मडक्याकडे बघतसुद्धा नसत. एवढा शिकवलेला मुलगा गटारात हात घालतो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. अंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं गाईला. मोरी कोरडी ठणठणीत. मडक्यातलं पाणी आटलं, गाळाला भेगा पडल्या आणि काटा शून्यावर जाऊन बसला. आणि ह्यांनी तर आधीच वर्गाला शब्द देऊन ठेवलेला, महिनाअखेरच्या शनिवारी घरी या, वीज दाखवतो. वर्गातली निम्मी मुलं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. उरलेली ह्यांना पाठीमागं 'मोरीमास्तर' म्हणायची. ह्यांना घास गिळवेना.

एकदा जेवताना सासूबाईंनी विचारलं, "त्या मडक्यातल्यांना लागतं तरी काय रं?"

"पानी. आन् थोडं खरकटं."

"म्हंजी उपाशी हायेत म्हन की." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजपासनं समद्यांनी हात ताटातच धुवायचे."

ताटात हात धुणं म्हणजे अन्नाचा अपमान, असं म्हणून याच बाईनं मला नवी नवरी असताना सगळ्यांदेखत झापलं होतं. आता रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचे कण असलेलं ते चूळभर पाणी सासूबाई प्रत्येकाच्या ताटातून स्वतः मडक्यात ओतायच्या. "घ्या रं बाबांनो," असंही मी एकदा ऐकलं. त्या दिवसापासून ही बाई मला फार आवडायला लागली.

शनिवारी मुलं मडक्याभोवती दाटीवाटीनं बसली. ह्यांनी तार जोडली. काटा थरथरला आणि सरकला. मुलं ओरडली. त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या सासूबाईंनी वाकून बघितलं.

"आन् दिवा?"

"दिवा न्हाई लागायचा, आई. एवढीच ताकद हाय त्यांची." ह्यांचा आवाज पडला.

"आरं, अर्ध्या पोटी एवढं ढकललं त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याच्यानं तरी ह्याच्याहून जास्त काय हुतंय सध्या?"

कुणी हसलं नाही. त्यांनी तांब्यातलं प्यायचं पाणी मुलांना दिलं आणि तळाशी राहिलेला घोट मडक्यात ओतला.